देनाची उशी

१४ सप्टेंबर

पोहोचले एकदाची! सोफियाहून इथवर बसच्या एकाच सीटवर मावून आले आणि शेजारच्या आजोबांनी एकदाही अंग चोरलं नाही. हे वाचून ज्याला काहीच विशेष वाटणार नाही, तो जन्मजात बारीक माणूस असणार. जूनपर्यंत मी एकशे चौतीस किलोंची होते. मग ऑपरेशन करून घेतलं, जठर कापून केळ्याएवढं ठेवलं, आणि आज एकशे चारवर आहे. हत्ती अजून गेलेला नाही, पण दाराबाहेर निघाला आहे.

गाव छान आहे. घरोघरी अंगणात लाल मिरच्या भाजणं चालू आहे, वर्षाच्या चटणीची बेगमी. पूर्वी हा वास आला की मी उभ्या उभ्या अख्खा पाव संपवायचे. आज नुसता वास घेतला आणि पुढे गेले. सोमवारी आरोग्यधामात रुजू व्हायचं. गरम झऱ्याच्या कुंडात उतरून संधिवाताच्या म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवायचे, हे माझं काम. सोफियातही हेच करत होते, पण तिथे सगळ्यांनी मला 'आधीची' पाहिलेली. इथे मी नुसती झोर्नित्सा, लाडाने झोरा. अंगाने जरा भरलेली, केस मात्र सुरेख.

केसांबद्दल लिहायलाच हवं. कमरेपर्यंत आहेत, अक्रोडाच्या रंगाचे. आई म्हणायची, देवाने तुला एकच गोष्ट बरी दिली आहे पोरी, तेवढी तरी सांभाळ. वर्गातल्या मुली मला पिंप म्हणायच्या आणि मधल्या सुट्टीत माझीच वेणी घालायला भांडायच्या. आता पिंप जाईल आणि वेणी राहील. याच्यासाठी तर पोट कापून घेतलं.

घरमालकीण स्तामेनामावशी सत्तरीच्या आहेत, डोक्याला काळा रुमाल, जिभेला धार. बॅग उचलायला आल्या आणि म्हणाल्या, मला वाटलं शहरातली काडी येणार, तू तर बरी खात्यापित्या घरची दिसतेस. दारावर त्यांच्या मुलीच्या मृत्यूचा कागद लावलेला आहे, इथे दर दुसऱ्या दारावर असतो तसा. देना, जाऊन नऊ वर्षं झाली. फोटोत गाल बसलेले, डोक्याला रुमाल, वय माझ्याएवढंच. मी रीतीप्रमाणे 'देव क्षमा करो' म्हटलं. करेल गं, त्याला दुसरं काम काय आहे, असं मावशी म्हणाल्या.

माझी खोली वर आहे, खिडकीत आलुबुखाऱ्याचं झाड. शेजारची खोली देनाची, ती बंद असते. घरात नियम एकच. विंचरताना निघालेला केस कचऱ्यात टाकायचा नाही, मोरीत सोडायचा नाही, खिडकीबाहेर तर नाहीच. पक्ष्याने घरट्यात नेला तर डोकं दुखतं, आणि मेल्यावर बाईला आपला एकेक केस शोधत फिरावं लागतं. म्हणून जन्मभराचे केस उशीत भरून ठेवायचे आणि ती उशी बाईबरोबर पुरायची. माझी आजीही असंच काहीतरी बोलायची. मावशींनी खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवून दिली. मी म्हटलं, मावशी, माझे छत्तीस वर्षांचे केस कचऱ्यात गेलेत, मला तिकडे बरंच काम पडणार. त्या हसल्या नाहीत.

१९ सप्टेंबर

काम आवडलं. कुंडाच्या दाराशी टॉवेल देणारी इस्क्रा म्हणजे गावाचा रेडिओ. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, लग्न झालंय का, नसेल तर का नाही, आणि एवढे केस धुवायला किती वेळ लागतो. पाण्यात मी वेणी अंबाड्यात बांधते तेव्हा म्हाताऱ्या व्यायाम सोडून बघत राहतात.

घरी मावशींची माझ्या जेवणावरून रोज टिंगल. चार चमचे दही आणि अर्धी वाटी सूप. अगं खातेस की वास घेतेस, चिमणी पाळली असती तर जास्त लागलं असतं, म्हणतात. ऑपरेशनचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग कापलेलं टाकलं कुठे? मला माहीत नव्हतं. असं कसं, तुझंच ना ते, असं त्या पुटपुटल्या.

६ ऑक्टोबर

आज न्हाताना बोटांत केस आले. थोडेफार नेहमीच येतात. आज मूठभर आले. मी ते पाण्याखाली धरून बघत बसले. मग पिळले, वाळवले आणि पिशवीत टाकले.

१५ ऑक्टोबर

उशीवर केस, सुपात केस, कुंडाच्या पाण्यावर केस. एका म्हातारीने खांद्यावरून उचलून दिला आणि म्हणाली, हा तुझा गं पोरी, माझे तर कधीच संपले.

डॉक्टर बेलेवांना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं की. वजन इतक्या झपाट्याने उतरलं की शरीर घाबरतं, केसांचा खर्च बंद करतं. चौथ्या महिन्यात गळायला लागतात, सहा-आठ महिन्यांनी आपोआप येतात. मुळं जिवंत असतात. प्रथिनं खा, लोह घे, आणि आरशासमोर कमी उभी राहा. मी विचारलं, सगळे जातील का? त्या म्हणाल्या, सगळे कधीच जात नाहीत.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. ऑपरेशनपासून हे असंच आहे. भूक कापली तेव्हा तिच्याबरोबर आणखीही काहीतरी कापलं गेलं असावं. अंडं खाल्लं. खडूसारखं लागलं. वजन ब्याण्णव.

२६ ऑक्टोबर

आज शनिवार. मावशींनी पिशवी खाली नेली. स्वयंपाकघरात त्या माझे केस एकेक करून सरळ करत होत्या, मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला. मी चहा घेऊन समोर बसले तेव्हा त्यांनी देनाचं सांगितलं.

देनाला कॅन्सर झाला होता. शहरातल्या इस्पितळात औषधाने केस गेले, पुंजकेच्या पुंजके, आणि सफाईवाल्या बाईने झाडून नेले. मावशी तिथेच खुर्चीवर होत्या. झाडू मारायला अडचण नको म्हणून त्यांनी स्वतः पाय वर घेतले होते. नंतर लक्षात आलं, तोवर पोतं गेलेलं. देना गेली तेव्हा तीस किलोंची होती, तिला लोकर भरलेली उशी दिली. पण लोकर ती लोकर, मेलेल्याला फसवता येत नाही. ती शोधत असते, असं मावशी म्हणाल्या, जसं कुणी म्हणावं की शेजारीण बाजारात गेली आहे.

मग त्यांनी रुमाल सोडला. डोकं गुळगुळीत. नऊ वर्षं त्या स्वतःचे केस कापून थडग्यावर देत आल्या आहेत. पण पांढरे घेत नाही गं ती, म्हणाल्या, तिचे अक्रोडी होते. पुढचा शनिवार मृतांचा आहे. तुझे असेही जातायत. देशील का?

मला त्यांची दया आली, हे मी स्पष्ट लिहिते. बऱ्याच दिवसांत कसलीतरी भावना आली याचंच बरं वाटलं. हो म्हटलं. कचऱ्यात जाणारी वस्तू, त्यात माझं काय जातंय?

२ नोव्हेंबर

मृतांचा शनिवार. सकाळी सगळं गाव दफनभूमीत. बायका थडग्यांवर मेणबत्त्या लावत होत्या, वाइन ओतत होत्या, उकडलेले गोड गहू एकमेकींना वाटत होत्या. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट: या दिवशी ज्याचं नाव घेऊन द्याल, ते त्याला पोहोचतं. देणारीने नाव घ्यायचं, घेणारीने 'देव क्षमा करो' म्हणायचं, संपलं. वर एक शब्द बोलायचा नाही.

मावशींनी देनाच्या थडग्याच्या उशाशी चमच्याने माती उकरली. माझ्या केसांची उशी तळहाताएवढी झाली होती. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, म्हण. मी म्हटलं, देनाच्या नावाने. सगळ्या बायका गप्प उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. आणि माझी खोड अशी की लोक गंभीरपणे माझ्याकडे बघायला लागले की मी आधी विनोद करते. जाड मुलीला हे फार लवकर शिकावं लागतं, त्यांनी हसायच्या आत आपण हसवायचं. म्हणून मी म्हटलं, घे बाई, केसच काय, ही अंगावरची चरबीही घे, जे माझं उतरेल ते सगळं तुझं.

कुणी हसलं नाही. इस्क्राने छातीवर क्रॉसची खूण केली. मावशींचा चेहरा मात्र रागावलेला नव्हता. भुकेल्या माणसासमोर ताट यावं तसा होता. त्या घाईघाईने म्हणाल्या, देव क्षमा करो. आणि माती लोटली.

परत येताना इस्क्राने मला बाजूला घेतलं. तुझी जीभ आहे की चप्पल गं, म्हणाली, देताना बोलतात का असं? मी म्हटलं, अगं गंमत केली. ती म्हणाली, गंमत जिवंत माणसांशी करावी.

१२ नोव्हेंबर

वजन ब्याऐंशी. दहा दिवसांपूर्वी नव्वद होतं, इतकं उतरायला नको. डॉक्टर म्हणतात रक्ताचे अहवाल चांगले आहेत, काळजी करू नको, तू तर कौतुकाचा विषय आहेस.

केस आता पुंजक्याने येतात. भांग बोटभर रुंद झाला आहे. रुमाल बांधायला लागले. कुंडावर म्हाताऱ्या आता माझ्याकडे बघत नाहीत, व्यायाम नीट करतात.

शेजारच्या खोलीत कुणीतरी चालतं. हलकं पाऊल, उंदराएवढं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, लाकूड आहे, थंडीने वाजतं.

२३ नोव्हेंबर

दाराचा कागद आज निरखून पाहिला. फोटोतले गाल आता भरल्यासारखे वाटतात; आधी जास्त बसलेले होते, की मलाच चुकीचं आठवतंय? ऊन तिरपं पडलं होतं. तसं असेल.

पाऊल आता उंदराचं नाही, माणसाचं आहे.

मावशी फार आनंदात असतात. लोण्याचे थर घालून चीजची पोळी भाजतात, मिरच्यांत भात भरतात. दोन ताटं वाढतात. मी माझ्यातले तीन चमचे खाते. सकाळी दोन्ही ताटं चाटूनपुसून स्वच्छ. मावशी स्वतः दिवसाला एक पाव आणि कांदा खातात, मी पाहिलं आहे.

६ डिसेंबर

ताप होता म्हणून काल पूर्ण दिवस अंथरुणात होते. आज कामावर गेले तर इस्क्रा गाल फुगवून बसलेली. काल कुंडाशी हाका मारमारून घसा बसला माझा, म्हणाली, वळून पाहिलंसुद्धा नाहीस. एवढा कसला तोरा? आणि विग कुठून आणलास ते तरी सांग, वेणी अगदी खरी वाटत होती. तब्येतही जरा भरल्यासारखी दिसली, बरं वाटलं बाई.

मी म्हटलं, मी काल घरी होते. इस्क्राने माझ्या रुमालाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटांकडे. मग टॉवेल मोजायला लागली.

मला भीती वाटायला हवी होती. मी वाट पाहिली. आली नाही. घरी येऊन दही खाल्लं.

१५ डिसेंबर

माझा जुना कोट खिळ्यावर नाही. 'आधीचा', तंबूएवढा. सोफियाहून का आणला होता कोण जाणे. मावशी म्हणतात त्यांनी हवेला टाकला आहे. बाहेर बर्फ पडतंय.

वजन एकाहत्तर.

२५ डिसेंबर

काल नाताळची पूर्वसंध्या. मावशींनी नऊ पदार्थ केले, सगळे उपासाचे. रीतीप्रमाणे जेवणं झाल्यावर टेबल आवरलं नाही. मृतांनी येऊन जेवायचं असतं. आमच्या घरीही आई आवरायची नाही, सकाळी सगळं जसंच्या तसं असायचं आणि ती म्हणायची, वासाने पोट भरलं त्यांचं.

आज सकाळी खाली आले. वाटाण्याचं भांडं रिकामं, भोपळ्याची पोळी नाही, पावाचा चुरासुद्धा नाही. माझी खुर्ची मागे सरकवलेली आणि तिचा एक पाय वाकलेला. हा पाय कसा वाकतो ते मला ठाऊक आहे. असे पाय मी जन्मभर वाकवत आले.

मावशी चुलीपाशी रडत होत्या. आनंदाने. म्हणाल्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली गं माझी पोर. माझे दोन्ही हात धरून चुंबले. मी काढून घेतले नाहीत.

१२ जानेवारी

आज आरशासमोर उभी राहिले, मुद्दाम, उजेडात. डोक्यावर जे होतं ते जवळजवळ गेलं आहे. पण कपाळाच्या कडेला, भांगात, कानांमागे — बारीक लव. बोट फिरवलं तर टोचत नाही, गुदगुल्या होतात. अक्रोडी.

येतायत. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं ना बयो, तात्पुरतं असतं! फोन ठेवला आणि मी रडले. खरंच रडले, नाक वाहेपर्यंत. मग भूक लागली. दोन अंडी खाल्ली, चीज खाल्लं, चव लागली. माझं काहीतरी परत येतंय. एवढे राहू देत. आता मला बारीकही नको, काही नको, एवढे केस हवेत.

१९ जानेवारी

वजन चौपन्नवर थांबलं आहे. आठवडाभर एक केस गळलेला नाही. पिशवी रिकामी लटकते आहे.

आज शनिवार, मावशी पिशवी न्यायला आल्या — तारीख चुकली, शनिवार काल होता. काल आल्या. आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, हल्ली जास्त खातेस तू झोरे. तिला कमी पडतं.

शेजारच्या खोलीत रात्रंदिवस येरझारा.

२६ जानेवारी

पाऊल जड आहे. वजन टाचेवर, डावा पाय किंचित ओढत. तिसऱ्या पायरीवर थांबायचं, कठड्याला हात, श्वास घ्यायचा, मग पुढे. तो श्वास शिट्टीसारखा वाजतो. मी तो ओळखते. छत्तीस वर्षं माझा होता.

आज तो माझ्या दाराशी थांबला. दुपार होती, लख्ख ऊन. दाराखालून सावली आली, दाराएवढी रुंद. मी रुमाल घट्ट बांधला.

४ फेब्रुवारी

निघायचं ठरवलं. बॅग भरली, उचलवेना. अर्धी केली. तरी उचलवेना. तशीच आरोग्यधामात गेले, इस्क्राला सांगू म्हणून. काचेचं दार माणूस पाहून आपोआप उघडतं. उघडलं नाही. मी पुढे झाले, मागे झाले, हात हलवला. एक म्हातारा काठी टेकत आला, त्याच्यासाठी उघडलं, त्याच्यामागून आत गेले. त्याने मागे पाहिलं नाही.

इस्क्रा फोनवर कुणाला तरी सांगत होती की झोरा आता छान सुधारली आहे, आत्ताच कुंडात उतरली, काय ते केस. मी तिच्या समोर उभी होते. मी टेबलावर हात मारला. आवाज झाला नाही फारसा. तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, कुठून वारा येतोय.

पूर्वी मी दिसू नये म्हणून काय काय करायचे.

कुंडात पाहिलं नाही. घरी आले. घरी म्हणजे इथेच.

१० फेब्रुवारी

मावशींना सरळ सांगितलं, मला मोकळं करा. परत घेते मी शब्द. त्या ऐकतात, त्यांना मी दिसते. चुलीवरचं सूप ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, मृताला दिलेलं परत मागतात का गं? मागितलं तर कुणाकडून घ्यायचं, तिच्या अंगावरून?

पुन्हा म्हणाल्या, थोडंच राहिलंय आता. तू चांगली मुलगी आहेस.

वाईट बाई नाहीत त्या. मला सूप दिलं. पाणी होतं नुसतं.

१६ फेब्रुवारी

दाराचा कागद काढला आहे. डिंकाचा चौकोन तेवढा उरला. मावशी म्हणाल्या, आता कशाला ठेवायचा.

नवे केस आडव्या बोटाएवढे झाले. रोज मोजते. मोजायला बोट आहे.

१९ फेब्रुवारी

अंथरुणावर फणी ठेवलेली. माझी नाही. लाकडी, जुनी, दातांत काही नाही.

पायरी — तिसरी — श्वास —

नाही आली आत.

२१ फेब्रुवारी

उद्या पुन्हा मृतांचा शनिवार. खाली गहू शिजतायत, वास येतोय. चांगला येतोय. मला भूक आहे, आणि — हे विशेष — भीतीही आहे. आली शेवटी. भीती आली म्हणजे मी आहे अजून.

दुपारचे तीन. दार उघडलं.

ती बसली. पलंग तिच्या बाजूला इतका खचला की मी घरंगळत तिच्या कुशीला लागले. ऊबदार आहे. माझा कोट. माझ्या साबणाचा वास. वेणी पलंगावरून जमिनीपर्यंत, अक्रोडी, अशी जाड मला कधी — हात लावू का विचारलं. लावू दिला. मऊ.

लिहितेय तोवर थांबली आहे. घाई नाही तिला. चेहरा देनाचा, भरलेला. सुंदर आहे. कुणी पिंप म्हणणार नाही.

मावशी खालून हाक मारतायत, आटपलं का गं, गहू निवतायत. कुणाला ते नाव घेतलं नाही. ओ तिने दिली.

आता तिने माझा रुमाल सोडला. फणी उचलली. बोटभर केस आहेत, नवे, माझे, पिलाच्या अंगावर असतात तसे. एवढे तरी राहू दे म्हणणार होते. हे उतरलेले नाहीत म्हणणार होते, हे आलेले आहेत. पण तिने नुसती फिरवली एकदा, हळूच, आणि ते उतरले — आणि जे उतरेल ते सगळं, असं मीच